कुलूपानंदांचा कानमंत्र

रविवारची सकाळ होती. गोटीराम शेठच्या इमारतीखालच्या पार्किंगमधून सगळ्या गाड्या बाहेर काढल्या होत्या आणि आत अख्खं गाव लोटलं होतं. सतरंजीवर माणसं, माणसांच्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर हळदकुंकू! एका आजोबांनी तर घरचा जुना डेस्कटॉपच आणला होता. मॉनिटर जावयाच्या डोक्यावर, डबा मुलाच्या काखेत आणि माउस स्वतः आजोबांच्या हातात, शेपटीला धरून. झेंडूच्या माळा होत्या, स्पीकरवर भजन होतं, लग्नात लावतात तसला मोठा पडदा होता. त्या पडद्याखाली सोफ्यावर, रेशमी कफनी घालून आणि गळ्यात पेन ड्राइव्हची माळ अडकवून बसले होते श्री श्री कुलूपानंद महाराज.

होय, पेन ड्राइव्हचीच माळ. मधोमध मेरुमणी म्हणून एक हार्ड डिस्क लटकत होती.

"बाळांनो, पडद्याकडे बघा," महाराज माइकवर म्हणाले. "हे फोल्डर. नाव काय? संसार. यात तुमचे फोटो, तुमचे सातबारे, तुमची गुपितं. याला कोण बघतो? चोर बघतो, शेजारी बघतो, चीन बघतो!"

"बघतो, बघतो," पुढच्या रांगेने माना हलवल्या.

महाराजांनी मोरपीस उचललं, पडद्यावरून फिरवलं, "कुलूपं कुलूपं महाकुलूपं, फट् स्वाहा!" असं ओरडून कीबोर्डवर बोट आपटलं, आणि फोल्डर गेलं. होतं तिथे नुसता निळा पडदा. बायकांनी हात जोडले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. वाशीतल्या एका मोठ्या कंपनीत कामाला असलेला आशुतोष गळ्यातलं ओळखपत्र सावरत पुढे गेला, सर्चमध्ये 'संसार' लिहिलं, खूप शोधलं आणि हात जोडून परत आला.

"सापडला का संसार?" महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. पूर्ण गेला."

"मग जिंकलास की रे!" महाराज म्हणाले आणि पार्किंग हशाने दणाणलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? माणूस होता मजेशीर. मी मागे खांबाला टेकून चहा पीत तमाशा बघत होते.

मी म्हणजे डॉक्टर जयमाला. माहेर साताऱ्याकडचं, दवाखाना याच इमारतीच्या तळमजल्यावर, आणि घरमालक हेच गोटीराम शेठ. खाडीकाठचं हे आगरी गाव आता सीवूड्सच्या टॉवरांनी वेढलं गेलंय, पण मनाने अजून गावच आहे. इथे एकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला रुमाल निघतो.

महाराजांना बोलावण्याचं कारण मात्र खरं होतं. शेठच्या पुतण्याचा, मिथुनचा लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने त्यातले घरचे फोटो मिथुनलाच पाठवले, खाली अंगठा दाखवून. तेव्हापासून गावाची झोप उडाली होती. लॅपटॉप गेला तरी आतलं कोणाला वाचता येऊ नये, ही गरज काही अंधश्रद्धा नव्हे. मीसुद्धा महिनाभर त्यासाठी सॉफ्टवेअर धुंडाळत होते. जो तो म्हणे आमचं लष्करी दर्जाचं, जो तो म्हणे पाच तारे. वाचून वाचून डोकं भणाणलं होतं, पण ठरवणं भाग होतं, कारण माझ्या लॅपटॉपमध्ये रूपेश होता.

रूपेश हा शेठचा एकुलता एक मुलगा. होळीनंतर एकदा तो दवाखान्यात आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टर, मला दारू सोडायची हाय. पण कोणाला कळलं ना, तर मी मेलो." हसू नका. इथे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. त्या मांडवात भाऊबंदाने पुढे केलेला ग्लास नाकारणं हा अपमान समजतात. नाकारणाऱ्याला आधी चिडवतात, मग आग्रह करतात, मग चौघे धरून पाजतात. पोरगं गोळ्या घेऊन, घाम गाळून एकेक दिवस काढत होतं. पाय घट्ट रोवेपर्यंत कोणाला कळू देणार नाही, असा शब्द मी त्याला दिला होता. तो शब्द मोडला असता तर पोरगं पुन्हा दवाखान्याची पायरी चढलं नसतं.

चहा संपला आणि माझं लक्ष महाराजांच्या टेबलाकडे गेलं. तिथे ओळीने लॅपटॉप मांडले होते, आणि त्यातला एक माझा होता!

"वेणूबाई!" मी माझ्या मदतनीस बाईंना शोधून काढलं. पेशंटची नोंदणी त्याच करतात, त्यामुळे लॅपटॉप सुरू करणं त्यांच्या हातचं.

"रागावू नका बाई, म्या तुमच्या चांगल्यासाठीच आणला," वेणूबाई उत्साहाने म्हणाल्या. "तुमी तर महिनाभर नुसत्या वाचत बसलाय. महाराज सकाळपासनं दक्षिणा घेऊन रांगेनं सगळ्यांच्या लॅपटॉपात कवच टाकतायत, तुमच्यात बी टाकलं, एका फुंकरीत काम केलं. पेशंटचं फोल्डर गायब! मला कानमंत्र बी दिला."

"कसला कानमंत्र?"

"त्यानंच फोल्डर परत येतं. शाल पांघरून कानात सांगितलाय, माझ्या जन्मनक्षत्राचा. पर कुनाला सांगायचा न्हाई. तोंडातनं निघाला की डिस्क जळती."

मी काही बोलणार तोच स्पीकर गरजला. "आणि आता विज्ञानही शरण आलं आहे! आपल्या डॉक्टरबाईंचा लॅपटॉप! यातलं गायब झालेलं फोल्डर आपण सगळ्यांसमोर परत आणणार. माउली, या, मंत्र टाका!"

महाराजांच्या शिष्याने लॅपटॉपला पडद्याची वायर जोडलीसुद्धा. वेणूबाई पदर सावरत निघाल्या. ते फोल्डर उघडलं की पहिलंच नाव होतं 'व्यसनमुक्ती', आणि त्याच्या आत नावानिशी माणसं. चहाची किटली घेऊन फिरणारा रूपेश जागच्या जागी थिजला होता. चहा कपातून बशीत आणि बशीतून एका काकांच्या मांडीवर चालला होता, पण त्याला पत्ता नव्हता.

मी धावले. चपला कुठे गेल्या कळलं नाही. वेणूबाईंना ओलांडून मी टेबल गाठलं आणि वायर खस्सकन उपटली.

"पाहिलंत?" महाराजांनी संधी सोडली नाही. "विज्ञान घाबरलं!"

गोटीराम शेठ उभे राहिले. गळ्यातली जाड साखळी रागाने हलत होती. "डॉक्टरबाय, यो काय परकार? महाराज आपले पाव्हने हायेत."

"शेठ, त्यात पेशंटची माहिती आहे. इथे बसलेल्या कोणाचंही नाव त्यात असू शकेल. लावू का पडद्यावर?"

हे ऐकल्यावर पार्किंगमध्ये एकाएकी बऱ्याच जणांना खोकला आला. शेठही दोनदा खोकले. "तसा डॉक्टरबायचा बरोबर हाय," म्हणत ते खाली बसले.

"मग महाराज, एक शंका आहे," मी म्हटलं. "तुमचं हे कवच आतून चालतं कसं? त्याची पद्धत कुठली?"

"गुप्त!" महाराज हसले. "गुप्त आहे म्हणूनच सुरक्षित आहे. तुमचे ते परदेशी लोक दोनशे छप्पन्न बिटचं कुलूप सांगतात. आमचं तेहतीस कोटी बिटचं! ते म्हणतात मिलिटरी ग्रेड. आमचं महाभारत ग्रेड!"

टाळ्या! मी आणखी काही बोलायच्या आत शेठच्या बायको पुतळाबाई स्वतःचा लॅपटॉप घेऊन पुढे आल्या. "डॉक्टरबायचा नको, त माझा लावा. मना काय लपवायचा नाय." वायर त्यांच्या लॅपटॉपला लागली. मंत्र टाकायची चौकट पडद्यावर आली. पुतळाबाईंनी कीबोर्डवर पदर धरला आणि एका बोटाने अक्षरं शोधायला लागल्या.

आता पुतळाबाई दर श्रावणात पोथी वाचणाऱ्या. अशा बायकांना मनात वाचता येत नाही. डोळा अक्षरावर पडला की ओठ हलतात, मग ती पोथी असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. पुतळाबाई एकेक कळ दाबत पुटपुटत होत्या, आणि मी शेजारीच उभी होते. ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले. "पम्... फम्... बम्..." मी कान टवकारले. सहज वेणूबाईंकडे पाहिलं, तर त्याही आपला मंत्र विसरू नये म्हणून जप करत होत्या. ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले. आणि पुढची अख्खी रांग! डेस्कटॉपवाले आजोबा, त्यांचा जावई, अंगणवाडीच्या ताई, सगळे समोर बघत पुटपुटत होते आणि सगळ्यांचे ओठ एकाच चालीत मिटत होते.

मला असं हसू फुटलं की माइक घेताना तो हातात ठरेना.

"मंडळी, मी मंत्र मोठ्याने म्हणणार आहे."

"नको!" पार्किंग ओरडलं. महाराज सोफ्यावरून उठले. "खबरदार! डिस्क भस्म होईल!"

"माझ्या लॅपटॉपलाही तुम्ही कवच घातलंय ना? होऊ दे भस्म. वेणूबाई, तुमचा मंत्र म्हणते हं," मी म्हटलं, छातीभर श्वास घेतला आणि गरजले, "ओम पं फं बं भं!"

वेणूबाईंनी कानांवर हात ठेवले. आजोबांनी माउस उराशी धरला. माझा लॅपटॉप टेबलावर शांत बसला होता, नुसता पंखा घुरघुरत होता.

आणि मग पुतळाबाई किंचाळल्या. "अगो बाय! यो त माझा मंतर!"

"तुमचा कसा? त्यो माझा हाय!" वेणूबाई उसळल्या.

"गप बसा दोघी," आजोबा कडाडले. "माझ्या नक्षत्राचा हाय तो. मना शालीत सांगितला!"

"एक मिनिट, एक मिनिट," आशुतोष उभा राहिला. "ही माझी युनिक की आहे. माझ्या पत्रिकेवरून जनरेट केलीय."

"तुजी कशी रं? मी तुज्या आदी लायनीत होतू!" मागून कोणीतरी ओरडलं.

मंत्रावरून भांडण जुंपलं. एका सासूने सुनेला विचारलं, तुला माझा मंत्र कसा कळला? सून म्हणाली, मीच तुम्हाला विचारणार होते. दोन जावा एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी एकीला, मग दुसरीला हसू आलं. हळूहळू गलका ओसरला. कोणीच कोणाला सांगायचं नाही, ही एकच अट महाराजांनी घातली होती आणि गावाने ती निष्ठेने पाळली होती. त्यामुळे आपल्या सगळ्यांना एकच मंत्र दिलाय, हे कोणाला कळायची सोयच नव्हती. अंगणवाडीच्या ताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, हे तर मी रोज पोरांना शिकवते. प, फ, ब, भ!"

"मंत्र एकच," महाराज घाम पुसत म्हणाले, "पण प्रत्येकाचा भाव वेगळा!"

"भाव वेगळा, पण दार एकाच किल्लीने उघडतं," मी म्हटलं. "म्हणजे सासूचं सुनेला उघडेल, सुनेचं सासूला, आणि उद्या चोरही येऊन पं फं बं भं म्हणेल."

सगळ्यांनी आपापले लॅपटॉप छातीशी कवटाळले.

"आणि खरं सांगू का? मंत्राचीही गरज नाही. पुतळाबाई, ते अक्षर न् अक्षर पुसा." त्यांनी पुसलं. मी खिडकीच्या वरच्या पट्टीवर 'व्ह्यू' उघडलं, 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारली, आणि पडद्यावर पुतळाबाईंचं फोल्डर उगवलं. जरा फिकट, पण शाबूत. पार्किंग श्वास रोखून बघत होतं.

"गेलं कुठेच नव्हतं. प्रत्येक फाइलला 'लपलेली' अशी एक खूण करता येते. संगणक मग ती दाखवत नाही, सर्चमध्येही सांगत नाही. महाराजांचं कवच तेवढी खूण करतं, आणि मंत्र टाकला की खूण काढतं. कुलूप लावलेलंच नाही, नुसता पडदा ओढलाय. उघडू का फोल्डर?"

"उघरा, उघरा," पुतळाबाई ऐटीत म्हणाल्या. "सांगितला ना, मना काय लपवायचा नाय."

मी उघडलं. पहिलाच व्हिडिओ सुरू झाला. त्यात बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून, कपाटाच्या आरशासमोर गोटीराम शेठ हळदीच्या नाचाचा सराव करत होते. कंबर अशी काही लचकत होती की विचारू नका.

मग पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"पुतले!" शेठ लालबुंद झाले. "कवा काडलास यो?"

"तुमी लपून नाचता, मी लपून काडते!" पुतळाबाई हसून हसून टेबलाला धरून खाली बसल्या. शेठनी क्षणभर रागवायचा प्रयत्न केला, पण पडद्यावर स्वतःची गिरकी बघून तेही हसायला लागले.

या गडबडीत महाराज पेन ड्राइव्हची माळ सावरत गेटकडे सरकले होते. पुतळाबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "ओ कुलूपानंद! जाता कंय? बसा इथं. येकेकाचा लॅपटॉप होता तसा करा, मंग बगू." शेठनी गेट लावून घेतलं आणि पोलीस ठाण्यात फोन केला. पोलीस येईपर्यंत महाराज मान खाली घालून एकेका लॅपटॉपवरची खूण काढत होते, आणि आशुतोष त्यांच्या डोक्यावर उभा राहून तपासत होता. मध्येच तो स्वतःशीच म्हणाला, "मला हे शाळेत असल्यापासून माहितीय. मग मघाशी का नाही सुचलं?" मोरपीस आणि टाळ्या असल्या की भल्याभल्यांना सुचत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

दुपारी दवाखान्यात रूपेश आला.

"डॉक्टर, आज वाचलो. पण मग खरं कुलूप कुठलं? की सगळेच फेकतात?"

"सगळे नाही. आज महाराजांमुळे माझं डोकं साफ झालं बघ," मी म्हटलं. "महिनाभर मी तारे मोजत होते. विचारायला हवं होतं ते, कुलूप कसं बनवलंय हे उघड सांगतोस का? ज्यांचं काम खरं आहे ते आपली पद्धत जगासमोर मांडतात. तज्ज्ञ वर्षानुवर्षं ती फोडायचा प्रयत्न करतात आणि फोडू शकत नाहीत. गुप्त असते ती फक्त किल्ली."

"आणि किल्ली कोणाकडे?"

"फक्त आपल्याकडे. पासवर्ड विसरलात तर आम्हाला फोन करा, आम्ही उघडून देऊ, असं जो म्हणतो तो आज न विचारताही उघडू शकतो. खरा माणूस आधीच बजावतो, विसरलात तर मलाही उघडता येणार नाही."

"विसरलो तर गेलं?"

"म्हणून सुटकेची किल्ली, म्हणजे कुलूप लावतानाच मिळणारा रिकव्हरी कोड, कागदावर छापून लॅपटॉपपासून लांब ठेवायची, आणि फाइलींची एक प्रत दुसरीकडे, तीही कुलूपबंद. संगणकात मुळातच अशी सोय आहे का ते आधी बघायचं, पुष्कळांत असते. आणि पासवर्ड लांबलचक, असंबद्ध शब्दांचा. गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलंय ते नाव नको."

रूपेश ओशाळला. त्याच्या गाडीच्या मागे 'आईची पुण्याई' लिहिलंय आणि पासवर्ड काय होता ते मी विचारलं नाही.

आम्ही एक निरुपयोगी फाइल घेऊन तिला तसं खरं कुलूप लावलं, पेन ड्राइव्हवर घेतली आणि त्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. नुसता अक्षरांचा भुगा निघाला. मग मी पेशंटचं सगळं फोल्डर तसंच बंद केलं. पासवर्ड वेणूबाईंनाही सांगितला नाही. त्या दोन दिवस फुगून होत्या.

पुढच्याच आठवड्यात मिथुनच्या बहिणीची, स्नेहलची हळद होती. संध्याकाळी मांडवात ढोल वाजत होते, बायका पिवळ्या झाल्या होत्या, आणि शेठ उघडपणे, सराव केल्यासारखे नाचत होते. भावकीच्या टेबलावर मिथुनने रूपेशपुढे ग्लास सरकवला. मी लांबून बघत होते. रूपेशने ग्लास उचलला, जरा वेळ धरला आणि खाली ठेवला.

"मी सोडली," तो म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "डॉक्टरकडे इलाज चाललाय. आता चिडवा नायतर मारा. पाजू नका."

मिथुनने इकडेतिकडे पाहिलं आणि आपला ग्लास रूपेशच्या नाकाखाली धरला. "हुंग."

रूपेशने हुंगला. "कोला?"

"दिवाळीपासून. तू चिडवशील म्हणून बोललो नाय."

पलीकडचे काका खाकरले. "माज्यात पन नुसता सोडा हाय. लिव्हर." मग आणखी एक जण. मग आणखी एक. शेवटी घाम पुसत शेठ आले, काय चाललंय ते ऐकलं, हातातला ग्लास टेबलावर आपटला आणि म्हणाले, "मना काय सांगता? मी त लिंबूपानी पितू! डॉक्टरबायनी साखर पन बंद केलीय त्यातली."

सगळे माझ्याकडे वळले. त्या टेबलावरचे निम्मे लोक माझ्या त्या फोल्डरमध्ये होते. प्रत्येकाने मला दार लावून, शपथ घालून सांगितलं होतं की डॉक्टर, बाकीचे पितात, मला हसतील. मी कोणाचं नाव कोणाला सांगितलं नव्हतं, तेव्हाही मान हलवली नाही. हे लिहितेय तेसुद्धा रूपेशला आणि त्या टेबलावरच्या प्रत्येकाला विचारून.

आपलं गुपित जपायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि ते कधी, कोणापुढे उघडायचं हेही त्यानेच ठरवायचं. त्यासाठी चांगलं कुलूप निवडा, स्वतः निवडा, आणि निवडण्याआधी प्रश्न विचारा. पण तुम्हाला विकलेल्या वस्तूबद्दल कोणी 'विचारू नका, कोणाला सांगू नका, बोललात तर भस्म व्हाल' असं म्हणालं, तर तिथेच शेजारच्याकडे वळा आणि मोठ्याने विचारा, "तुला काय सांगितलंय रे?"